चित्रकलेत चार

"एका आकड्याचा तर प्रश्न आहे, ल्युबिंकाबाई. चारचे पाच करायचेत." मुख्याध्यापक रातोमिर यांनी कॉफीचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "तुमचं काय जातंय त्यात?"

ल्युबिंकाबाईंनी अजून कोटसुद्धा काढला नव्हता. डोन्या रेकाच्या शाळेतले दोन तास संपवून त्या बसने नुकत्याच आल्या होत्या, आणि दुपारच्या बसने त्यांना वर्बोवाकला जायचं होतं. चित्रकलेचे तास कुठल्याच एका शाळेत एवढे नव्हते, की त्यावर एका माणसाची नोकरी उभी राहावी. म्हणून तीन शाळा जोडून त्यांची नोकरी पुरी होत होती. आता साठी उलटली होती आणि गुडघे बसच्या पायऱ्यांवर कुरकुरायला लागले होते.

टेबलावर एक चित्र पसरलेलं होतं. टेकडीवरचा मठ, खाली नदी, काठाने पॉपलरच्या झाडांची रांग. कोपऱ्यात गोल गोल अक्षरात लिहिलं होतं, 'इस्क्रा, आठवी ब'. इस्क्राला सगळ्या विषयांत पाचपैकी पाच होते. फक्त चित्रकलेत चार. ते पाच झाले, तर तिला वुक डिप्लोमा मिळणार होता, सगळे पाच असणाऱ्यांना मिळतो तो. त्यासाठीच हे चित्र आलं होतं.

"हे तिनं काढलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"बघितलं की कळतं."

"तुम्हाला कळतं. मला तर छान दिसतंय. मी घरात लावीन हे."

"लावा. पण त्याचे मार्क इस्क्राला द्यायचे नाहीत."

रातोमिर हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. शाळेचं छप्पर गळत होतं, दरवर्षी मुलं कमी होत होती, कुणी बेलग्रेडला जात होतं तर कुणी थेट ऑस्ट्रियाला, आणि इस्क्राची आई ओलिवेरा गावातल्या एकुलत्या एक औषधाच्या दुकानाची मालकीण होती, शिवाय शाळेच्या पालकमंडळावरही होती. "ल्युबिंकाबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "गणितात चार असते तर मी बोललोही नसतो. पण चित्रकला! माणसाला येते नाहीतर येत नाही. त्यासाठी पोरीला शिक्षा कशाला?"

बाईंनी कॉफी संपवली, चित्र गुंडाळून काखेत घेतलं आणि "बघते" एवढंच म्हणून निघाल्या.

चित्र कुणाचं आहे, हे त्यांना पाहताक्षणीच कळलं होतं. त्या दुपारी त्यांनी वर्बोवाकची बस सोडली आणि स्मशानाच्या रस्त्याला वुकाशिनच्या अंगणात गेल्या. अंगणभर काळ्या ग्रॅनाइटच्या लाद्या भिंतीला टेकवून उभ्या होत्या. वुकाशिन थडगी घडवायचा. फोटोवरून मेलेल्या माणसाचा चेहरा दगडावर टिपक्याटिपक्यांनी कोरायचा. बाईंच्या हाताखालून गेलेल्या मुलांत त्याच्याइतका चांगला हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. निश शहरातल्या कलाशाळेत जायचं जवळजवळ ठरलं होतं, पण वडिलांनी दगडाच्या कामाला घातलं. आता त्याचे केस कानांपाशी पांढरे झाले होते, का ती दगडाची धूळ होती कोण जाणे.

"बसा, बाई. स्टूल पुसून देतो."

"हे तू काढलंस ना?"

त्याने गुंडाळी उलगडली, पुन्हा गुंडाळली. "कशावरून ओळखलंत?"

"आकाशावरून. तुला ढग कधी जमले नाहीत, म्हणून तू आकाश कोरं सोडतोस. अजून तसंच सोडतोस."

वुकाशिन हसला. मग म्हणाला, "माझ्या आईची औषधं ओलिवेरा शहरातून मागवून देते. पोरीसाठी एक चित्र हवंय म्हणाली. मी कसा नाही म्हणणार?"

"मी तुला रागवायला आले नाही."

"मग?"

गुडघ्यावर हात ठेवून त्या बसून राहिल्या. समोरच्या लादीवर एक म्हातारा कोरलेला होता, टोपी मागे सरकवलेला, डाव्या गालावर एक खोल सुरकुती. त्या तिकडे पाहत आहेत हे बघून वुकाशिन म्हणाला, "त्याची बायको आली होती. आधीचा चेहरा बघून म्हणाली, हा तो नाहीच. म्हटलं, काय चुकलं ते सांगा, मी बदलतो. तिला सांगता येईना. आख्खा जन्म त्याच्यासमोर बसून जेवली, पण त्याचं नाक कसं होतं विचारलं तर गप्प."

"मग?"

"मग तिला इथंच बसवली, तुमच्यासारखी. म्हटलं, घाई नाही, डोळे मिटा आणि त्याला जेवताना बघा. आधी रडली. मग स्वतःच्याच गालावर बोट लावलं, डाव्या. म्हणाली, इथं, हसला की इथं पडायची. फोटोत नव्हती ती." त्याने लादीवरची धूळ अंगठ्याने पुसली. "तुम्ही आम्हाला बाकावर समोरासमोर बसवून एकमेकांचे कान काढायला लावायचात. आठवतं? सगळे खिदळायचे. अजून लावता?"

"नाही."

"का?"

"तास नसतो," बाई म्हणाल्या, आणि उठल्या.

तास वेळापत्रकात होता. दर गुरुवारी, आठवी ब, पाचवा तास. पण सातवीपासूनच तो गणिताच्या स्लावोल्युब सरांकडे जात होता. आठवीच्या शेवटी परीक्षा, त्यात गणित, त्यात चित्रकला नाही. "बाई, एवढा आजचा तास द्याल का?" असं ते पहिल्यांदा विचारत. नंतर विचारणंही थांबलं. बाई हो म्हणाल्या होत्या, कारण त्या तासाऐवजी लवकरची बस मिळत असे आणि घरी जाऊन पाय वर करून पडता येत असे. सहामाहीला त्या मुलांकडून एकेक चित्र घरून मागवत आणि चार नाहीतर पाच देऊन मोकळ्या होत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी इस्क्राला चित्रकलेच्या वर्गात बोलावलं. पोरगी उंच, केस ओढून बांधलेले, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारी. बाईंनी तिच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवली.

"काहीही काढ. खिडकी काढ. मला फक्त बघायचंय."

इस्क्राने पेन्सिल उचलली नाही. "तुम्हाला कळलंय, ते मी नाही काढलेलं."

"हो."

"मी आईला सांगितलं होतं, कळेल म्हणून." मग तिने बाईंकडे सरळ बघितलं. "बाई, एक विचारू? रागवू नका. पाच दिले नाहीत ते ठीक. पण चार तरी कशाचे दिलेत? तुम्ही आम्हाला शिकवलंय कधी?"

ती हे भांडायला म्हणत नव्हती. गणितातलं न समजलेलं उदाहरण विचारावं, तसं विचारत होती. बाहेर पोरं खाऊन झालेल्या बुरेकच्या पेस्ट्रीचे तेलकट कागद फेकून एकमेकांना मारत होती. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"कशाचेच नाहीत," शेवटी त्या म्हणाल्या. "जा तू. घंटा होईल."

त्याच दिवशी त्या शिक्षकांच्या खोलीत स्लावोल्युब सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. सर खिडकीत सिगारेट ओढत होते, वही मांडीवर.

"माझा गुरुवारचा तास मला परत हवाय."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आता? परीक्षा तोंडावर आलीय."

"माहीत आहे."

"पोरांना त्रिकोण येत नाहीत अजून, बाई. तुम्ही त्यांना फुलं काढायला लावणार?"

"फुलं नाही लावणार."

रातोमिर मधे पडायला आले, पण सरांनीच हात हलवला. "घेऊ देत, रातोमिर. दोन वर्षं मी तेच तेच सांगतोय आणि ती जांभया देतायत. माझा आवाज मलाच ऐकवत नाही आताशा." मग बाईंना म्हणाले, "घ्या. पण पोरं नापास झाली तर नाव तुमचं घेईन."

"घ्या माझं नाव," बाई म्हणाल्या.

गुरुवारी आठवी ब आली तेव्हा वर्गाच्या मधोमध टेबलावर एक खुर्ची उलटी, पाय वर करून ठेवलेली होती. बाकी काही नाही.

"बाई, खुर्ची मेली का?" मागून कुणीतरी विचारलं. वर्ग हसला.

"मेली असेल. बघून सांग."

"काढायचं काय?"

"हीच. पण खुर्ची काढू नका. खुर्ची कशी असते ते तुम्हाला पाठ आहे, म्हणून ती बघायचीच नाही. पायांच्या मधे ज्या मोकळ्या जागा दिसतात ना, त्या काढा. प्रत्येक जागेचा आकार वेगळा आहे."

पहिले काही क्षण गोंधळ. मग एकेक जण गप्प होत गेला. बाई हा आवाज विसरूनच गेल्या होत्या: वर्गभर पोरं खाली बघतात, वर बघतात, पुन्हा खाली, आणि पेन्सिलींची ती बारीक खरखर. त्या बाकांमधून फिरल्या. गुडघे दुखत होते. कुणाची जागा फार रुंद, कुणाची वाकडी. एकाने चक्क नेहमीची सरळ खुर्ची काढून ठेवली होती. "ही तुझ्या घरची," बाई म्हणाल्या, "मला समोरची हवी."

इस्क्रा खोडत होती. एक रेघ काढायची, खोडायची, पुन्हा काढायची. कागद मधे पातळ होऊन फाटला. तिने नवा घेतला, तोही फाटला. बाईंनी तिच्या बाकावरचं खोडरबर उचलून खिशात टाकलं.

"बाई, चुकलं तर?"

"चुकू दे. चुकलेली रेघ राहू दे, तिच्या शेजारी दुसरी काढ."

"सगळ्यांना दिसेल ना मग."

"दिसू दे."

इस्क्राचे डोळे भरून आले. तिला काही चुकवायची सवयच नव्हती. गणिताच्या वह्या, इतिहासाच्या वह्या, सगळ्या स्वच्छ, एक खाडाखोड नाही. तासाच्या शेवटी तिच्या कागदावर रेघांचं जाळं झालं होतं, आणि त्या जाळ्यात कुठेतरी खुर्चीचा एक पाय खरोखर उभा होता. बाकीचे तीन नव्हते.

पुढचे गुरुवार तसेच गेले. एकदा उशीवर ठेवलेली किल्ली, एकदा शेजारच्याचा कान. खिदळली सगळी, जशी नेहमी खिदळतात. परीक्षा जवळ आली तसे दोघेचौघे गैरहजर राहू लागले, त्यांच्या आयांनी शिकवण्या लावल्या होत्या. इस्क्रा येत राहिली. तिच्या हाताला खास काही नव्हतं. पण आता ती आधी बराच वेळ बघायची, मगच पेन्सिल टेकवायची. मेअखेर बाईंनी सगळ्या वर्गाचे मार्क नव्याने लावले. काहींचे पाचचे तीन झाले, एकदोघांचे चढले. इस्क्राचे चारच राहिले.

"या वेळी कशाचे ते सांगते," बाईंनी तिला बोलावून म्हटलं. "बघायला लागलीस त्याचे. हात अजून डोळ्यांच्या मागे आहे."

इस्क्राने मान हलवली. "बरं," म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून तिला ते खरंच पटलंय असं वाटलं.

ओलिवेराला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या फाटकातच उभी होती, दुकानाचा पांढरा कोट अंगावर तसाच.

"बाई, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी बाजूला काढून ठेवते दर महिन्याला. कधी रांगेत उभं केलंय तुम्हाला?"

"नाही, कधीच नाही."

"मग माझ्या पोरीवर का राग?"

"राग नाही, ओलिवेरा. खरं सांगते, ती आता मला आवडते."

"आवडते आणि चार?" ओलिवेराचा आवाज फुटला. ती वरच्या डोंगरातल्या एका खेड्यातून आली होती. तिच्या घरात तिच्याआधी कुणी आठवीच्या पुढे शिकलं नव्हतं. "मी दिवसभर त्या काउंटरमागे उभी असते. कशासाठी? ती डॉक्टर होणार. तिला तुमची खुर्ची काय कामाची? एका खुर्चीसाठी तिच्या नावापुढे डाग?"

"चार म्हणजे डाग नाही."

"तुमच्यासाठी नसेल," ओलिवेरा म्हणाली. "मी तक्रार करतेय. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही घेत," बाई म्हणाल्या. गोळ्या घ्यायला यापुढे शहरात जावं लागेल का, एवढाच विचार त्यांच्या मनात आला, आणि मग त्याचीही लाज वाटली.

तक्रार झाली तशी समिती बसली. गणिताचे स्लावोल्युब सर, संगीताच्या बाई आणि खेळाचे मोमिर सर. इस्क्राने तासाभरात त्यांच्यासमोर एक चित्र काढायचं आणि त्यांनी मार्क द्यायचे. ल्युबिंकाबाईंना खोलीत बसायची मुभा होती, बोलायची नव्हती. त्या दाराशी बसल्या. खिडकीबाहेर लिंडेनचं झाड फुललं होतं आणि त्याचा गोड वास आत येत होता.

रातोमिर यांनी आपल्या ऑफिसातली फुलदाणी आणून टेबलावर ठेवली, प्लास्टिकच्या गुलाबांची. इस्क्राने तिच्याकडे बघितलं, मग इकडेतिकडे बघितलं.

"दुसरं काही काढलं तर चालेल?"

समितीने एकमेकांकडे पाहिलं. "काढ," मोमिर सर म्हणाले. "आम्हाला काय, काहीही काढ."

मोमिर सरांचं खेळाचं जाकीट खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं होतं, जुनं, कोपरांना झिजलेलं. इस्क्रा आपली खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. पहिली दहाएक मिनिटं तिने काहीच काढलं नाही. संगीताच्या बाई घड्याळ बघू लागल्या. मग ती काढायला लागली, आणि ल्युबिंकाबाईंना दाराशी बसल्या बसल्या फक्त तिचं डोकं वर-खाली होताना दिसत राहिलं.

वेळ संपल्यावर कागद टेबलावर आला. तिघे वाकून बघू लागले.

"माझंच आहे हे," मोमिर सर म्हणाले. "आई गं, एवढं जुनं झालंय?"

स्लावोल्युब सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "इस्क्रा, तूच सांग. तुला काय वाटतं, किती द्यावेत?"

"चार," इस्क्रा म्हणाली.

"का बरं?"

"उजवी बाही खोटी आहे. ती मी बघून काढली नाही. वेळ संपत आला, मग बाही कशी असते ती आठवून काढली."

रातोमिर खाकरले. मग समितीने पाच मिनिटांसाठी इस्क्राला बाहेर जायला सांगितलं, आणि त्यातली चार मिनिटं मोमिर सरांनी जाकीट कुठून घेतलं होतं ते सांगण्यात गेली. निर्णय आधीच झालेला होता. पाच. एकमताने. स्लावोल्युब सर सही करताना ल्युबिंकाबाईंकडे न बघता म्हणाले, "पोरीचं भलं होऊ दे, बाई. आपलं काय."

बाई उठून टेबलापाशी आल्या. बाही खरंच खोटी होती, नळीसारखी. पण कॉलर पाठीवरून जशी खाली ओघळली होती, त्यात मोमिर सरांच्या सगळ्या वर्षांचं ओझं होतं. तो भाग कुणी शिकवून येत नाही. आणि बाही खोटी आहे हे जिला दिसलं, तिला मीच आज पाच दिले असते, असं त्यांच्या मनात आलं. पण आता ते म्हणण्यात अर्थ नव्हता. ते पाच आधीच दुसऱ्याच कारणासाठी दिले गेले होते.

बाहेर इस्क्रा भिंतीला टेकून उभी होती. निकाल तिला कळला होता. आनंद झाल्यासारखी दिसत नव्हती.

"बाई, बाही चुकलीच ना?"

"चुकली. खांद्यापासून सुरुवात करायची. कापड खांद्याला लटकतं, हाताला नाही. तिथं घडी कुठं मोडते ते बघ."

इस्क्राने स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवलं, बाहीवरून खाली नेलं. "इथं."

"तिथंच."

फाटकातून ओलिवेराने हाक मारली. ती दुकान बंद करून आली होती, हातात केकचा खोका. इस्क्रा गेली. मधेच वळून ती काहीतरी म्हणाली, पण आईच्या बोलण्यात ते ऐकू आलं नाही.

बाई कागदपत्रांवर सही करायला कचेरीत गेल्या. सेक्रेटरी बोसिल्का समितीचा कागद पंच करत होती.

"सप्टेंबरपासूनच्या नव्या वर्षाचं तुम्हाला कळलं ना, बाई?" तिने वर न बघता विचारलं. "आठवीची एक तुकडी कमी झाली. तुमचे इथले तास संगीताच्या बाईंकडे देतायत, त्यांचे कमी पडत होते म्हणून. त्याच चित्रकलाही घेतील."

"कळलं."

"वर्बोवाकचे राहतील तुमचे."

"हो. राहतील."

बोसिल्काने जाकिटाचं चित्र उचललं आणि फाइलच्या मापाला लावून बघितलं. ते मोठं होतं. तिने त्याची मधोमध घडी घालायला कडा जुळवल्या.

"घडी नको," बाई म्हणाल्या.

"फाइलमध्ये बसत नाही ना."

"मी बसवून देते. पुठ्ठा आहे का?"

बोसिल्काने कोपऱ्यातलं प्रिंटरच्या कागदांचं रिकामं खोकं दाखवलं. बाईंनी ते जमिनीवर ठेवलं, गुडघ्यांना सांभाळत त्याच्यासमोर बसल्या आणि कात्रीने त्याची एक बाजू कापू लागल्या. पुठ्ठा जाड होता, कात्री बोथट. बोसिल्का म्हणाली, "बाई, तुमची बस येईल आत्ता." बाईंनी मान हलवली. एक तुकडा कापून झाला, मग त्याच मापाचा दुसरा. मधे चित्र ठेवलं, कडा सारख्या केल्या, आणि बांधायला दोरी मागितली. बाहेर बस येऊन थांबली, तिची दारं उघडून मिटल्याचा आवाज आला. बाईंनी दोरी आधी उभी बांधली, मग आडवी, आणि गाठ मारायच्या आधी पुठ्ठा पुन्हा एकदा उघडून कोपरा कुठे दुमडला नाही ना, ते बघितलं.